एक संगणक, दोन हार्ड डिस्क : बिघाडाच्या कारणशोधाचा एक पाठ



आपल्या संगणक-कक्षात खिडकीलगत जो जुना संगणक आहे, त्याच्या पेटीत दोन हार्ड डिस्क बसविलेल्या आहेत. पहिलीवर विंडोज आहे. कार्यालयाचा पत्रव्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि तुमचा टंकलेखनाचा सराव तिच्यावर चालतो. दुसरीवर उबुंटू ही लिनक्स कुळातील मुक्त प्रणाली आहे. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर एक छोटी यादी उमटते आणि कोणत्या प्रणालीत प्रवेश करावयाचा ते आपण बाणाच्या कळीने निवडतो. एकाच यंत्रात दोन प्रणाली नांदविण्याच्या या व्यवस्थेस ड्युअल बूट असे म्हणतात.

गेल्या उन्हाळी सुट्टीत कक्षाला रंग देण्यासाठी टेबले हलविण्यात आली. शाळा उघडल्यावर हा संगणक सुरू केला तेव्हा नेहमीची यादी आलीच नाही. 'असे कोणतेही उपकरण नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ, तिच्यापुढे अक्षरे आणि अंक यांची लांबलचक मालिका आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोनच शब्द. विंडोजही नाही आणि उबुंटूही नाही.

दुसऱ्या डिस्कवर प्रस्तुत स्मरणिकेसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या २१ मुलाखती होत्या. पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थी, आरंभीच्या काळात वसतिगृहासाठी गावोगाव धान्य गोळा करीत हिंडलेले कार्यकर्ते आणि अनेक वर्षे भोजनगृह सांभाळणाऱ्या मावशी यांचे आवाज त्यांत होते. यांपैकी दोघांचे मुलाखतीनंतर निधन झाले. मावशी त्यांतल्या एक. या ध्वनिफितींची दुसरी प्रत कोठेही काढलेली नव्हती. ती काढण्याचे काम माझे होते आणि ते मी लांबणीवर टाकले होते.

दुरुस्तीसाठी बोलाविलेल्या कारागिराने पडदा पाहिला आणि म्हटले, "सर, दोन्ही डिस्क फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकावं लागेल." त्याचा हेतू वाईट नव्हता. बहुतेक ठिकाणी याच उपायाने यंत्र चालू होते आणि ग्राहक संतुष्ट होतो. परंतु आम्ही त्यास नकार दिला. दहावीच्या चार विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आधी कारण शोधावे आणि मगच उपायाला हात घालावा असे ठरविले. तो शोध कसा झाला, हे या पाठात सांगावयाचे आहे.

विचाराची शिस्त

चार आर्यसत्यांची मांडणी तुम्ही सकाळच्या वंदनेनंतरच्या पाठात ऐकली आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्या कारणाचा निरोध होऊ शकतो, आणि निरोधाचा मार्ग आहे. कुशल वैद्यही याच क्रमाने चालतो, हे अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. तो आधी रोग ओळखतो, मग निदान करतो, रोग बरा होण्याजोगा आहे का ते पाहतो आणि अखेरीस औषध देतो. धम्माची खोली यंत्राच्या दुरुस्तीत मावणारी नाही, हे उघड आहे. परंतु पहिल्या पायरीवरून थेट चौथ्या पायरीवर उडी मारू नये, ही शिस्त यंत्रापुढे बसल्यावरही तितकीच उपयोगी पडते. 'फॉरमॅट करा' हा सल्ला म्हणजे निदानावाचून दिलेले औषध होय.

दुसरी गोष्ट केसपुत्त येथील कालामांना भगवंतांनी केलेल्या उपदेशाची. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः पारखून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. कारागिराचे म्हणणे असो वा शिक्षकाचे, तेही याच कसोटीला लावले पाहिजे.

यंत्र जागे होते कसे

बिघाड कोठे आहे हे ओळखावयाचे तर बिघाड नसताना काय घडते हे ठाऊक हवे. कळ दाबल्यापासून प्रणाली उघडेपर्यंत संगणकात एकापाठोपाठ एक अशा घटनांची साखळी चालते. मागची कडी पुरी झाल्याविना पुढची सुरू होत नाही.

पहिली कडी विजेची. पेटीतील वीजपुरवठा संच मुख्य फलकाला आणि डिस्कना योग्य दाबाची वीज पुरवितो. दुसरी कडी बायोस या मूळ आज्ञावलीची. ती मुख्य फलकावरील चिपमध्ये साठविलेली असते. स्मृती, कळफलक आणि डिस्क जागेवर आहेत का, याची ती तपासणी करते आणि ठरवून दिलेल्या अनुक्रमातील पहिल्या डिस्ककडे वळते.

तिसरी कडी त्या डिस्कच्या अगदी पहिल्या खंडाची. हा खंड अवघ्या ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांसाठी राखलेले असतात. पुढील ६४ बाइटमध्ये डिस्कच्या विभागांची नोंद असते. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य विभाग जास्तीत जास्त चारच. शेवटचे २ बाइट ही ओळखखूण. १९८३ साली डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर आलेली ही मांडणी जुन्या यंत्रांत आजही चालू आहे.

एवढ्याशा ४४६ बाइटमध्ये निवडीची यादी दाखविणारा संपूर्ण कार्यक्रम मावत नाही. म्हणून लिनक्ससोबत येणारा ग्रब हा बूट-कार्यक्रम तीन टप्प्यांनी काम करतो. पहिला तुकडा पहिल्या खंडात असतो. तो त्यालगतच्या मोकळ्या जागेतील दुसरा तुकडा उचलतो. दुसरा तुकडा लिनक्सच्या विभागातील ग्रबच्या फायली शोधतो. त्या सापडल्या की यादी उमटते. यादीतून उबुंटू निवडल्यास ग्रब तिचा गाभा स्मृतीत उतरवितो. विंडोज निवडल्यास सूत्रे विंडोजच्या स्वतःच्या बूट-कार्यक्रमाकडे सोपवितो.

आता आपल्या यंत्राची विशेष रचना ध्यानात घ्या. ग्रबचे पहिले दोन तुकडे पहिल्या डिस्कवर आहेत आणि उरलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरील उबुंटूच्या विभागात आहेत. वाटाड्या एका डिस्कवर आणि त्याच्याजवळचा नकाशा दुसरीवर, अशी ही स्थिती आहे. म्हणून दुसरी डिस्क नाहीशी झाली तर पहिलीवरील विंडोज धडधाकट असूनही उघडत नाही. दोन प्रणाली दोन डिस्कवर स्वतंत्र आहेत असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात एकीचे उघडणे दुसरीवर अवलंबून असते.

निदान

प्रथम आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले : 'काय निश्चित ठाऊक आहे' आणि 'काय केवळ तर्क आहे'.

पडद्यावरील संदेश ग्रबच्या दुसऱ्या तुकड्याने दिला होता. याचा अर्थ वीज आहे, बायोस चालते आहे, पहिली डिस्क वाचली जाते आहे आणि तिचा पहिला खंड शाबूत आहे. साखळीच्या पहिल्या तीन कड्या एकाच संदेशाने निर्दोष ठरल्या. बिघाड त्यानंतरचा होता. म्हणून संदेश दिसताक्षणी कळ दाबून यंत्र बंद करू नये. तो अक्षरशः वहीत उतरवून घ्यावा. त्यातील अक्षरांची लांबलचक मालिका हा उबुंटूच्या विभागाचा ओळखक्रमांक होता. त्या क्रमांकाचा विभाग मला कोठेच सापडत नाही, एवढेच ग्रब सांगत होता.

तो न सापडण्याची तीन कारणे संभवत होती. एक, दुसरी डिस्क यंत्राला मुळीच दिसत नाही. दोन, डिस्क दिसते, पण तिच्यावरील विभाग पुसला गेला आहे किंवा बदलला आहे. तीन, विभाग जागेवर आहे, पण त्यावरील फायलींची रचना बिघडली आहे. या तिहींत भेद करील अशी एखादी निरुपद्रवी चाचणी हवी होती. काही न लिहिता केवळ पाहणारी चाचणी ती निरुपद्रवी.

अशी चाचणी ग्रबमध्येच आहे. 'एल' आणि 'एस' ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले की दिसणाऱ्या डिस्क आणि त्यांचे विभाग यांची नावे येतात. ग्रब डिस्कची मोजणी शून्यापासून करतो. आमच्या पडद्यावर 'एचडी शून्य' आणि तिचे दोन विभाग एवढीच नावे आली. 'एचडी एक' नव्हतीच. बायोसचा मांडणी-पडदा उघडून पाहिला, तर तेथेही दुसऱ्या डिस्कची जागा रिकामी होती. पहिली शक्यता खरी ठरली आणि उरलेल्या दोन्ही तूर्त मागे पडल्या.

येथे थोडे थांबून विचार करा. जी डिस्क यंत्राला दिसतच नव्हती, तिच्यावरील कोणतीही प्रणाली कशी बिघडलेली ठरणार? पहिली डिस्क फॉरमॅट केली असती तर कार्यालयाच्या नोंदी विनाकारण नष्ट झाल्या असत्या. पुढे कधी दुसरी डिस्क दिसू लागली असती, तर 'काम पुरे करण्यासाठी' तीही पुसली गेली असती. विंडोजच्या दुरुस्ती-आज्ञेने पहिला खंड नव्याने लिहून घेतला असता तर विंडोज उघडले असते आणि सर्व ठीक झाले असे वाटले असते. पण न दिसणारी डिस्क तशीच राहिली असती. लक्षण गेले म्हणजे कारण गेले असे होत नाही.

कारण

डिस्क न दिसण्याची कारणे चार : तिला वीज मिळत नाही, माहिती वाहणारी केबल सदोष आहे, मुख्य फलकावरील जोडणी सदोष आहे, किंवा डिस्कच निकामी आहे. येथे नियम एकच : एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कोणत्या बदलाने ते घडले हे कधीच कळत नाही.

यंत्र बंद करून भिंतीतील पिन काढली. अंगावरील स्थितिक वीज उतरविण्यासाठी पेटीच्या उघड्या धातूला हात लावला आणि मग झाकण काढले. पुन्हा वीज देऊन, आत हात न घालता, केवळ कान दिला. दुसरी डिस्क फिरू लागल्याचा मंद, सलग आवाज येत होता. म्हणजे वीज पोहोचत होती. ठरावीक अंतराने 'टक्‌ टक्‌' असा आवाज आला असता, तर डिस्कमधील वाचनशीर्षात दोष असण्याचा संभव होता. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे सोपवावी. पुनःपुन्हा सुरू करून पाहण्याने उरलीसुरली माहितीही जाते. सुदैवाने तसे नव्हते.

साटा प्रकारच्या डिस्कला दोन जोडण्या असतात : १५ संपर्कांची रुंद जोडणी विजेची आणि ७ संपर्कांची अरुंद जोडणी माहितीची. आमच्या डिस्कची अरुंद केबल तिरकी होऊन अर्धी बाहेर आली होती. तिला पकडून धरणारी धातूची चिमटी नव्हती. टेबल हलविताना ती सरकली असावी, असा तर्क विद्यार्थ्यांनी मांडला. यंत्र बंद करून केबल घट्ट बसविली, डिस्क दिसली. पुन्हा सुरू केले, दिसली नाही. म्हणजे केबल केवळ सैल नव्हती, ती खराबही असावी. तर्काची खात्री करण्यासाठी मुलाखतींची डिस्क बाजूला ठेवली आणि तीच केबल एका रिकाम्या जुन्या डिस्कला लावली. तीही दिसेना. दुसरी केबल लावताच ती दिसू लागली. दोष केबलचाच होता.

दुसरा बिघाड

नवी केबल आखूड असल्याने ती मुख्य फलकावरील शेजारच्या जोडणीत लावावी लागली. यंत्र सुरू केले तर पडदा काळाच, कोपऱ्यात उघडमीट करणारी एक रेघ. मुलांचे चेहरे उतरले. एकीने मात्र फळ्याकडे पाहून विचारले, "सर, आपण शेवटचा बदल कोणता केला?"

हाच प्रश्न योग्य होता. जोडणी बदलल्यामुळे बायोसने दुसऱ्या डिस्कला अनुक्रमात पहिले स्थान दिले होते. तिच्या पहिल्या खंडात ग्रबचा तुकडा कधी बसविलेलाच नव्हता. तो पहिल्या डिस्कवर आहे. मांडणी-पडद्यावर अनुक्रम पूर्ववत केला आणि यादी उमटली.

यातून एक महत्त्वाचा बोध घ्यावयाचा. डिस्कची नावे ही तिची खरी ओळख नव्हे. ग्रबमधील 'एचडी शून्य' आणि 'एचडी एक', किंवा लिनक्समधील 'एसडीए' आणि 'एसडीबी', ही नावे डिस्क कोणत्या क्रमाने आढळल्या त्यावरून मिळतात. क्रम बदलला की नावांची अदलाबदल होऊ शकते. मिलिंदपञ्हात नागसेन स्थविर मिलिंद राजाला रथाविषयी प्रश्न विचारतात : चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? 'रथ' हे त्या सर्वांच्या मेळाला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे, असे त्या संवादातून उलगडत जाते. याच राजाचे नाव बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले. नावाला वस्तू समजण्याची चूक संगणकापुढे फार महाग पडते. काल जिचे नाव 'एसडीबी' होते तीच आजही 'एसडीबी' आहे असे गृहीत धरून पुसण्याची आज्ञा दिली, तर भलतीच डिस्क पुसली जाते. म्हणून लिहिणारी कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा आकार आणि विभागाचा ओळखक्रमांक पडताळून पाहावा. तो क्रमांक विभागावरच लिहिलेला असतो आणि केबल बदलल्याने बदलत नाही.

आधी प्रत, मग समाधान

यादी आली तरी आम्ही उबुंटू उघडली नाही. प्रणाली उघडली की ती डिस्कवर काही ना काही लिहितेच. पेनड्राइव्हवरून चालणारी उबुंटू सुरू केली, मुलाखतींचा विभाग 'केवळ वाचन' या अटीवर जोडला आणि सर्व ध्वनिफिती एका बाहेरील डिस्कवर उतरविल्या. त्यानंतरच डिस्कची प्रकृती तपासली. हार्ड डिस्क स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी ठेवीत असते. त्या नोंदींना स्मार्ट म्हणतात. बदललेले खंड आणि वाचनासाठी प्रलंबित खंड या दोन्ही ओळींत शून्य होते. परंतु १९९ क्रमांकाच्या ओळीत, जेथे केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी होते, तेथे आकडा वाढलेला होता. आमच्या निदानाला डिस्कनेच दुजोरा दिला.

नेहमी आढळणारे अन्य बिघाड

अशा यंत्रांत आणखी काही बिघाड वारंवार दिसतात. त्यांची कारणे जाणून असावे.

विंडोज पुन्हा बसविल्यावर यादी न येता थेट विंडोज उघडते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात विंडोजने पहिला खंड नव्याने लिहिलेला असतो. उबुंटू जागेवरच असते. पेनड्राइव्हवरून सुरू करून योग्य डिस्कवर ग्रब पुन्हा बसविणे, हा उपाय.

नव्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. तेथे बूट-कार्यक्रम ४४६ बाइटमध्ये न राहता एका लहान स्वतंत्र विभागात फायलींच्या रूपाने राहतात आणि त्यांची यादी मुख्य फलकावरील स्मृतीत असते. तेथे बहुधा केवळ अनुक्रम बदललेला असतो. तो पूर्ववत केला की पुरे. विभागांची नोंद करण्याची जीपीटी ही पद्धतही नवी आहे. जुन्या पद्धतीची मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट होती. जीपीटीत ती अडचण नाही आणि सामान्यतः १२८ विभागांची सोय असते.

यादीत विंडोज दिसत नाही. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून अन्य प्रणालींचा शोध सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या मांडणी-फायलीत तो चालू करून यादी नव्याने तयार करावी.

एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकते. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ लिहिते; लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ लिहिते. भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे असल्याने चूक नेमकी तेवढीच होते. दोहोंपैकी एकीला दुसरीचा संकेत पाळावयास लावले की प्रश्न मिटतो.

उबुंटूतून विंडोजच्या फायली वाचता येतात, पण त्यांत बदल करता येत नाही. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास ती पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रेत जाते आणि तिच्या विभागावर दुसऱ्याने लिहिणे धोक्याचे ठरते. ती सोय बंद करावी. बळजबरीने लिहू नये.

आणि एक खबरदारी : दोन डिस्कच्या यंत्रात नवी प्रणाली बसविताना दुसरी डिस्क काही काळ काढून ठेवावी. तसे केल्यास प्रत्येक डिस्कवर तिचा स्वतःचा बूट-कार्यक्रम बसतो आणि एक डिस्क गेली तरी दुसरी उघडते. आमच्या यंत्राची आता याच रीतीने पुनर्रचना केली आहे.

नोंदवही

त्या दिवसापासून संगणक-कक्षात एक नोंदवही ठेवली आहे. दिनांक, शेवटचा बदल कोणता, संदेश शब्दशः, केलेली चाचणी, काढलेला निष्कर्ष आणि उपाय असे तिचे सहा रकाने आहेत. पहिली नोंद दहावीच्या त्या चौघांच्या हस्ताक्षरात आहे. तिच्यात कारणाच्या रकान्यात 'केबल' एवढाच शब्द आहे. त्याखाली मी माझ्या हाताने आणखी एक कारण लिहिले आहे : 'दुसरी प्रत काढली नव्हती.' केबलने यंत्र बंद पाडले. परंतु मुलाखती कायमच्या हरवण्याची भीती माझ्या दिरंगाईने निर्माण केली होती. आता त्यांच्या तीन प्रती आहेत. दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक शाळेच्या आवाराबाहेर. महत्त्वाच्या माहितीविषयी हा नियम सर्वांनी पाळावा.

प्रती पुऱ्या झाल्यावर मुलांनी मावशींची मुलाखत लावली. मागे भांड्यांचा आवाज येतो आहे आणि मध्येच त्या कोणाला तरी "आधी हात धुऊन ये" असे सांगतात. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही अशी सहावीची मुलेही दाराशी उभी राहून ऐकत होती. या स्मरणिकेत मावशींच्या आठवणींचे जे पान आहे, ते त्याच ध्वनिफितीवरून उतरविले आहे.